भिंगाविना कॅमेरा

कोल्हापुरात कॅमेऱ्याचा विषय निघाला की बाबूराव पेंटरांचं नाव येतंच. १९१८च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला. तेव्हापासून आजच्या मोबाइलपर्यंत कॅमेऱ्यातलं जवळपास सगळं बदललं. पुढचं भिंग तेवढं राहिलं. वस्तूच्या एका बिंदूतून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत गोळा करणं हे त्याचं काम. भिंग काढलं, की प्रत्येक बिंदूचा प्रकाश सगळ्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पसरतो आणि हाती नुसता करडा धूसरपणा येतो.

तरीही भिंगाशिवाय चित्र मिळू शकतं. भर दुपारी टाउन हॉलच्या बागेत झाडाखाली जमीन पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे गोल. कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. अशा एका फटीवर कॅमेरा चालवायचा तर अडचण उजेडाची. भोक बारीक ठेवलं तर चित्र रेखीव पण अंधुक, मोठं केलं तर उजळ पण पुसट.

मग बारीक भोकंच पुष्कळ पाडली तर? उजेड मिळतो, पण चित्रं एकमेकांवर चढतात. मात्र भोकांची मांडणी आपल्याला नेमकी माहीत असेल, तर तो गुंता गणिताने सोडवता येतो. १९६८ मध्ये रॉबर्ट डिकी आणि जे. जी. एबल्स या शास्त्रज्ञांनी हा मार्ग स्वतंत्रपणे सुचवला, तो क्ष-किरणांसाठी. कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांना काचेचं भिंग वळवू शकत नाही. २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एका दुर्बिणीतही असाच भोकांचा मुखवटा आहे.

दृश्य प्रकाशात ही कल्पना रुजायला वेगवान संगणक यावे लागले. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या फ्लॅटकॅममध्ये सेन्सरला जवळजवळ चिकटून एक नक्षीदार मुखवटा असतो, म्हणून तो कॅमेरा अगदी चपटा होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या गटाने मुखवट्याऐवजी खडबडीत पारदर्शक पत्रा घेतला. हौदाच्या तळाशी उन्हाची जाळी पडते, तशी जाळी त्यातून सेन्सरवर पडते. प्रकाशबिंदू बाजूला सरकला की जाळी सरकते, जवळ आला की पसरते. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं: वस्तू कुठे आहे याबरोबर किती लांब आहे हेही एकाच फोटोत नोंदलं जातं. २०१८च्या शोधनिबंधात त्यांनी १३ लाख पिक्सेलच्या एका फोटोतून १० कोटी त्रिमित ठिपके उभे केले. दृश्यात रिकामी जागा पुष्कळ असेल, तरच हे जमतं.

किंमत मोजावी लागतेच. जाळ्या सोडवताना सेन्सरचा बारीकसा गोंगाटही (नोंदीतली इकडची-तिकडची चूक) फुगतो, म्हणून चित्र दाणेदार येतं. ते सुधारायला आयआयटी मद्रास आणि राइसच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी प्रोग्राम, शिकवून तयार केलं. तरी लग्नाचे फोटो काढायला हा कॅमेरा नको. त्याची खरी जागा भिंग परवडत नाही किंवा मावत नाही तिथे आहे.

सूक्ष्मदर्शकाचंच घ्या. जास्त शक्तीच्या भिंगाखाली एका वेळी एक चौरस मिलिमीटरही दिसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या आयदोगान ओझकान या संशोधकाच्या गटाने नमुना थेट सेन्सरवर ठेवून, त्याच्या सावलीतल्या प्रकाशलहरींच्या नक्षीवरून पेशी उभ्या केल्या. इथे सेन्सर जेवढा मोठा, तेवढा नमुना एका फटक्यात दिसतो: २० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. पाण्यातले परजीवी विरळ असतात, त्यामुळे मोठं क्षेत्र दिसणं फार उपयोगाचं. पंचगंगेच्या पुरानंतर गावोगावचं पाणी तपासताना असं स्वस्त, पिशवीत मावणारं यंत्र हाताशी असावं असं मला मनापासून वाटतं.

इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे करून पाहता येईल. बर्कलीच्या गटाने कृतीही खुली ठेवली आहे. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाच्या कॅमेऱ्याचं भिंग काढायचं, सेन्सरपुढे साधी दुतर्फा चिकटपट्टी लावायची, अंधारात एक बारीक एलईडी पेटवून तिची जाळी साठवायची. मग वस्तू ठेवून फोटो घ्यायचा आणि त्या जाळीच्या आधारे संगणकाकडून चित्र सोडवून घ्यायचं. पट्टी सेन्सरपासून किती अंतरावर धरली की जाळी सर्वांत रेखीव पडते, हे मात्र मागेपुढे करून हातानेच शोधावं लागतं.