माझं वय नेमकं किती?

हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या शरीरातल्या कार्बनच्या काही हजार अणूंचं नायट्रोजन होऊन गेलं. ७० किलो वजनाच्या माणसात दर सेकंदाला ३००० हून जास्त वेळा हे घडतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

हा कार्बन-१४, कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत प्रचंड वेग मिळालेले प्रोटॉन आकाशगंगेत लाखो वर्षं भटकतात. त्यांतले काही आपल्या वातावरणावर आदळतात. त्या टकरीतून उडालेला न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूत शिरला, की कार्बन-१४ तयार होतो. मग हवेतून पानात, पानातून अन्नात, अन्नातून आपल्यात.

आपण ताऱ्यांच्या धुळीचे आहोत, असं नेहमी ऐकतो. ते खरंच आहे. कार्बन, ऑक्सिजन, लोह ताऱ्यांनी घडवलं. हायड्रोजन तर सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटातला. पण हे ऐकताना विश्वाशी असलेलं नातं कधीतरी जुळून संपल्यासारखं वाटतं. कार्बन-१४ मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्याचं येणं आजही थांबलेलं नाही.

मग या येण्याजाण्यात ‘मी’ म्हणून टिकतं काय? तांबड्या पेशी जेमतेम १२० दिवस जगतात. बाकीच्यांचं वय ठरवायला अणुचाचण्या अनपेक्षितपणे उपयोगी पडल्या. १९५५ ते १९६३ या काळात त्यांच्यामुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला, पुढे ओसरत गेला. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग, योनास फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हीच खूण वाचून दाखवली. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या.

त्यांतली प्रथिनंही सतत बदलतात. आठवणी ज्या जोडण्यांमध्ये राहतात, त्यांचा मालमसाला नवा होत राहतो आणि आठवण मात्र राहते. म्हणून ‘मी’ म्हणजे पदार्थापेक्षा त्याची मांडणी, असं मला वाटतं. फक्त या चेतापेशींतला डीएनए जुना राहतो. त्यातला बराचसा कार्बन आईच्या अन्नातून आलेला, आणि त्यातही साधारण लाख कोटींत एक अणू असा, ज्याच्या जन्मामागे कुठल्यातरी ताऱ्याचं फुटणं आहे.