छर्रा कशाचा आहे?

जत्रेतून आणलेल्या खेळण्यातल्या बंदुकीचे पिवळे छर्रे आमच्याकडे केर काढताना सोफ्याखालून अजून निघतात. एक तळहातावर घेऊन नीट बघा. मधोमध साच्याची बारीक रेघ दिसते. व्यास ६ मिलिमीटर, वजन ०.१२ ग्रॅमच्या आसपास. निव्वळ प्लास्टिकचा एवढा गोळा एवढाच भरतो.

याच मापाच्या छर्‍यांनी एअरसॉफ्ट, म्हणजे छर्‍याच्या नकली बंदुकांनी लुटुपुटीच्या लढाईचा खेळ, खेळतात. सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य असलेल्या जपानमध्ये १९७०-८०च्या दशकांत हा खेळ रुजला. तिथले खेळाडू मात्र ०.२०, ०.२५, अगदी ०.४० ग्रॅमचे छर्रेही वापरतात. व्यास तोच, मग वजन वाढतं कसं? प्लास्टिकमध्ये जड खनिजांची पूड कालवून.

जपानने २००६ मध्ये कायदा बदलला आणि ६ मिलिमीटरच्या छर्‍याच्या ऊर्जेवर ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण ९९ मीटर वेगाने सुटला की ही मर्यादा गाठतो. पण ही ऊर्जा मोजतात नळीच्या तोंडाजवळ. छर्रा समोरच्याला लागतो तो बराच पुढे गेल्यावर, आणि मधल्या हवेत सगळा हिशेब बदलतो.

हवेचा विरोध आकारावर आणि वेगावर ठरतो. तो विरोध किती जाणवणार, हे वजनावर. माझ्या ढोबळ गणिताने ०.२० ग्रॅमचा छर्रा पंचवीसेक मीटरवर पोचेपर्यंत सातपैकी सहा हिस्से ऊर्जा गमावून बसतो. ०.४० ग्रॅमचा तेवढ्याच ऊर्जेने सुटला, तर त्याच्याकडे तिथेही एक तृतीयांशाहून जास्त शिल्लक असते. ६ मिलिमीटरचा पोलादी गोळा असता तर त्याचं वजन ०.८८ ग्रॅम भरलं असतं आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा घेऊनच तो येऊन आदळला असता.

पोलाद कठीण, म्हणून जास्त लागतं, असं आपल्याला वाटतं. कातडीच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. कातडीपुढे प्लास्टिकही दगडच. दबते ती कातडी, छर्रा नाही. तिथे महत्त्व वजनाला, वेगाला आणि किती जागेवर मार बसतो याला. पोलादी छर्रे बहुतेक ४.५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे ६ मिलिमीटरच्या मानाने जागा जवळपास निम्मी, आणि तीच ऊर्जा तेवढ्यात एकवटते. ते असतातही वेगळ्या, जास्त ताकदीच्या हवाई बंदुकांसाठी.

कठीणपणाचा प्रश्न येतो तो भिंत, दात, चष्मा अशा कठीण वस्तूंशी गाठ पडल्यावर. पोलादी छर्रा भिंतीवरून उसळून मारणार्‍याच्याच अंगावर येऊ शकतो. प्लास्टिकचा चेपतो, कधी फुटतो, आणि त्यात थोडी ऊर्जा खर्ची पडते.

डोळ्याला मात्र यातली कुठलीच सवलत नाही. साधा प्लास्टिकचा छर्राही डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्तस्राव करू शकतो, आणि अशा मारातून पुढे मोतीबिंदू किंवा काचबिंदू उद्भवू शकतो. सोफ्याखालचे पिवळे छर्रेही याला अपवाद नाहीत, म्हणून ती बंदूक मी माळ्यावर टाकली. घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

गॉगल निवडतानाही छर्रा कशाचा आहे ते बघावं लागतं. मैदानात कचरा राहू नये म्हणून हल्ली मक्याच्या स्टार्चपासून बनणार्‍या पीएलए प्लास्टिकचे छर्रे वापरतात. ते साध्या मातीत पटकन कुजतात हा गैरसमज आहे. त्यांना कंपोस्टच्या ढिगातली ऊब लागते. शिवाय ते ठिसूळ. काही खेळाडू वाफ धरू नये म्हणून काचेऐवजी तारेच्या जाळीचा गॉगल घालतात. अख्खा छर्रा त्या जाळीवर अडतो, पण ठिसूळ छर्रा जाळीवर आपटून फुटला तर त्याचे कण भोकांतून आत, थेट डोळ्यापर्यंत जाऊ शकतात.