लाखेंडे एर्बेन (हसरे वारस)

माक्स ऑफ्युल्स यांनी दिग्दर्शित केलेला जर्मन विनोदी बोलपट. निर्मिती बर्लिनच्या उफा कंपनीची, प्रदर्शन मार्च १९३३, लांबी सव्वा तासाच्या आसपास. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘हसणारे वारस’. जर्मनमध्ये हा जुना वाक्प्रचार आहे : मयताशी नाते इतके लांबचे की रडू येत नाही, इस्टेट मात्र मिळते, असा वारस.

ऱ्हाईनकाठचा एक मद्यव्यापारी मरतो. त्याचा धंदा पेटर फ्रँक (हाइंझ र्यूमान) याला मिळणार. अट एवढीच, की महिनाभर दारू प्यायची नाही. अट मोडली तर बाकीच्या नातेवाइकांचे फावते, म्हणून ते त्याच्यापुढे पेला नाचवत राहतात. त्यात पेटरचा जीव जडलेला प्रतिस्पर्धी पेढीच्या मालकाच्या मुलीवर, गीनावर (लीन डायर्स). इडा व्ह्युस्ट, माक्स अडाल्बर्ट आणि लित्सी वाल्डम्युलर यांच्याही भूमिका आहेत.

अट गमतीची वाटते, पण तिला कायद्याचा आधार आहे. १ जानेवारी १९०० पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेनुसार मृत्युपत्रात डावललेली मुले, पती किंवा पत्नी आणि अपत्य नसल्यास आईवडील आपल्या कायदेशीर वाट्याच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम मागू शकतात. पुतण्या-भाच्यांना हे संरक्षण नाही. पोटचा मुलगा पेला रिचवूनही काहीतरी पदरात पाडून घेईल. लांबच्या नातलगाने एक घोट घेतला की सगळेच गेले. चव पाहणारे जाणकार वाइन तोंडात घोळवून थुंकतात. ते ‘पिणे’ ठरते का, हा वकिलांना पुरणारा प्रश्न.

त्या काळच्या बोलपटांच्या जुन्या प्रती जपताना एक अडचण हमखास येते. आवाजाचा पट्टा फिल्मच्या कडेला छापलेला असतो, पण तो चित्राच्या जोडीला नसून सुमारे २० चौकटी पुढे असतो. वेग सेकंदाला २४ चौकटी. त्यामुळे फाटलेला तुकडा कापून जोडला की चित्र एका जागी उडी मारते, संवाद दुसऱ्याच जागी तुटतो. विनोदी चित्रपटात नेमका हशाचा शब्दच जातो. सांध्यावर ‘टप्प’ असा आवाजही येतो. तो दाबायला आवाजपट्टीवर काळ्या शाईचा त्रिकोण रंगवत.

ऑफ्युल्स ज्यू होते. १९३३ मध्येच ते फ्रान्सला गेले. त्यांचा ‘लीबेलाय’ याच सुमारास पडद्यावर आला आणि चित्रपटाच्या इतिहासात त्याचेच नाव झाले. र्यूमान जर्मनीतच राहिले आणि पुढच्या बारा वर्षांत तिथल्या सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक ठरले.