तेलाचा तवंग म्हणजे बुडालेली पाणबुडी?

दुसऱ्या महायुद्धात ताफ्याच्या संरक्षक नौकेने डेप्थ चार्ज (पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब) टाकले, पाण्यावर तेल आलं, म्हणजे जर्मन पाणबुडी बुडालीच, असं बरेचदा वाचायला मिळतं. तेवढ्यावरून ते ठरत नाही. टाइप ७ या जर्मन पाणबुडीच्या काही इंधनटाक्या मुख्य कवचाबाहेर असत. ब्रिटिश मार्क ७ डेप्थ चार्जमध्ये सुमारे १३० किलो स्फोटक. तरी कवच फोडायला तो साधारण ६-७ मीटरच्या आत फुटावा लागे. थोडा लांब फुटला तर टाकी गळे, पाणबुडी निसटे. बुडाल्याची नोंद करणारा संरक्षक नौकेचा कप्तान खोटं लिहीत नसे. त्याला वरून तेवढंच दिसे.

दावा तपासायचा तर तारीख आणि अक्षांश-रेखांश घेऊन जर्मन नोंदींशी ताडून पाहा: तिथे कोणती पाणबुडी होती, तिचा शेवटचा बिनतारी संदेश कधीचा, ती बंदरात परतली का? युद्धानंतर असे कित्येक दावे बदलले.