क म्हणजे उभी रेघ

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ अडत दुकानात शेतकऱ्याच्या पट्ट्या परवापरवापर्यंत डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममधून निघत होत्या. रवे किती, वजन किती, हमाली-तोलाई वजा जाता देणं किती. जुना पीसी गेला, नवा आला आणि मालकांनी मला बोलावलं. "सर, एवढं भारी मशीन घेतलं, आन् ह्येला साधी पट्टी काढता येईना?"

प्रश्न रास्त होता. कारण प्रोसेसर काही विसरलेला नाही. आजचाही इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर बटण दाबल्यावर पहिले काही क्षण १६ बिट्सचा असतो, इंटेलच्याच १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरच्या वळणाचा. हे ओझं उतरवायचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळला.

अडतं ते भोवतालच्या गोष्टींत. डिस्क वाचायची तर डॉस बायोसला, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमला, इंटरप्ट १३ या ठरलेल्या संकेताने हाक मारतो. नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय असतं, त्याला ही हाक कळत नाही. मधल्या काळात सीएसएम नावाचा दुभाष्या दिलेला असायचा. २०२० पर्यंत तो काढून टाकणार, असं इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं. मी पेनड्राइव्हवर फ्रीडॉस घेऊन गेलो होतो. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला हा फुकट डॉस आजही नांदता आहे. पण सेटिंगमध्ये सीएसएमचा पर्यायच नव्हता. ६४ बिट विंडोजमध्ये डबल क्लिक करूनही उपयोग नाही, कारण ६४ बिट मोडमध्ये प्रोसेसरची ८०८६ ची नक्कल करायची सोयच बंद असते.

शेवटी डॉसबॉक्स-एक्स टाकलं. हे अख्खा जुना पीसीच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतं: प्रोसेसर, बायोस, प्रिंटरचं एलपीटी१ पोर्टसुद्धा. फॉक्सप्रोची निळी स्क्रीन आली तेव्हा मालकांनी चहा मागवला.

चहा अर्धा झाला आणि पहिली पट्टी निघाली. आकडे चोख. नावाच्या जागी मात्र उभ्या-आडव्या रेघा.

जुन्या पीसीत पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. डॉसला देवनागरी येत नाही. ते कार्ड आयसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसून इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतांकांची मराठी अक्षरं करायचं. इस्कीत 'क' चा क्रमांक १७९. मूळ पीसीच्या अक्षरतक्त्यात १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. कार्ड गेलं, 'क' ची रेघ झाली. आयसा स्लॉट नव्या मदरबोर्डवर कुठून येणार? मालकांची फाइल मात्र शाबूत होती, एकही अक्षर हरवलेलं नव्हतं. इस्कीचं आजच्या युनिकोड संकेतांकांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहायला मी आठवडा मागून घेतलाय.

तोवर दिवाणजी पट्टी फाडतात आणि रेघांवर निळ्या पेनने शेतकऱ्याचं नाव लिहितात.