शून्य ते चार, पण कुणासाठी?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबमधून पीएसए या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणला, की आकड्याशेजारी बहुधा 'नॉर्मल ० ते ४' छापलेलं असतं. कॅन्सरमुळे ऑपरेशनात प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) काढून टाकलेल्या काकांचा आकडा ०.६ येतो आणि घरचे म्हणतात, "नॉर्मल आहे नं बाप्पा!" नाही. ती मर्यादा ग्रंथी जागेवर असलेल्यांसाठी आहे.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. थोडं रक्तात झिरपतं. रक्तात ते दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. तीन दिवस धरले तर महिन्यात दहा वेळा निम्मं, म्हणजे १०चं जवळपास ०.०१. म्हणून ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत ते ०.१च्या खाली जायला हवं. पुढे ०.२ किंवा जास्त आलं, आणि पुन्हा तपासूनही तेच निघालं, तर कॅन्सर परतल्याचं मानतात. स्कॅनमध्ये तेव्हा काही दिसेलच असं नाही.

ऑपरेशनऐवजी रेडिएशन घेतलं असेल तर गणित वेगळं, आणि मला तेच फार आवडतं. किरणं पेशीला जागच्या जागी जाळत नाहीत, तिच्या डीएनएचे धागे तोडतात. जखमी पेशी जगत राहते, पीएसएही बनवते; मरते ती बहुधा विभाजनाच्या प्रयत्नात. या पेशी सावकाश विभागतात, म्हणून आकडा उतरायला दीड-दोन वर्षंही लागतात. ग्रंथी शरीरातच असल्याने तो शून्यावर येईलच असं नाही. त्यामुळे इथे निकष असा: गाठलेला नीचांक अधिक २. नीचांक ०.५ असेल तर धोक्याची रेषा २.५. कधीकधी मधेच आकडा उसळतो आणि उपचाराविना खाली येतो. नेमका तेव्हा कुणी गोमूत्र अर्क दिलेला असला, की सगळं श्रेय बाटलीला!

सोबत पुरुषी हार्मोन रोखणारी इंजेक्शनं असतील तर आकडा त्यांनी दाबलेला असतो. ती थांबल्यावर थोडा चढतो.

एका आकड्यापेक्षा दुप्पट होण्याचा काळ जास्त बोलतो. ०.२चं ०.४ तीन महिन्यांत झालं की दोन वर्षांत, यात जमीन-अस्मानाचा फरक. दोन तपासण्यांमधल्या काळाला लॉग २ने (२च्या लॉगॅरिदमने) गुणून दोन आकड्यांच्या लॉगमधल्या फरकाने भागलं, की तो काळ मिळतो.

पण त्यासाठी लॅब एकच हवी. एक तपासणी गोंदियात, दुसरी नागपुरात, तर यंत्रं वेगळी, त्यांतली पीएसए पकडणारी प्रतिपिंडं वेगळी, ०.१चा फरक तिथेच पडू शकतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रं पीएसए खोटा कमी दाखवतात. रक्त देण्याआधी तेवढं लॅबमध्ये सांगा.