वीण आणि वेणी

सोन्या क्लार्क या अमेरिकी वस्त्रकलावतीच्या कामाविषयी बोलताना ‘केस विणले’ आणि ‘वेणी घातली’ हे शब्दप्रयोग सर्रास एकमेकांच्या जागी येतात. दोन्हींत एक धागा दुसऱ्यावरून जातो हे खरे, पण रचना अगदी निराळी आहे.

विणायला धाग्यांचे दोन संच लागतात : ताण्याचे धागे मागावर आधीच ताणून बसवलेले असतात आणि बाण्याचा धागा धोट्याबरोबर त्यांना काटकोनात ओलांडत जातो. घानातील आसान्ते आणि एवे विणकरांचे केन्टे कापड असेच, पण अरुंद मागावर होते. त्याच्या तळहाताएवढ्या रुंदीच्या लांब पट्ट्या काठाला काठ लावून शिवल्या, की पांघरण्याजोगे वस्त्र तयार होते.

वेणीत उभे-आडवे असे काही नसते. तेच पेड आळीपाळीने तिरपे जात एकमेकांना ओलांडतात, आणि लागणारा ताण वेणी घालणाऱ्याची बोटे देतात. आफ्रिकी परंपरेतील टाळूलगतची वेणी आपल्या सागरवेणीच्या जवळची आहे, कारण प्रत्येक वळणाला टाळूवरचे थोडे नवे केस पेडात घेतले जातात. मात्र सागरवेणीत कडेचा पेड मधल्या पेडावरून येतो, तर इथे तो खालून जातो. म्हणून ती वेणी उठून दिसते.

२०१४ च्या ‘हेअर क्राफ्ट प्रोजेक्ट’मध्ये क्लार्क यांनी व्हर्जिनियातील रिचमंडच्या केशरचनाकारांपुढे स्वतःचे डोके आणि कॅनव्हास अशा दोन जागा ठेवल्या. डोक्यावर केशरचनाकारांनी वेण्या घातल्या आणि कॅनव्हासवर तेच कसब रेशमी धाग्यांनी उतरवले. कॅनव्हास मुळात विणलेले कापड, त्यामुळे तिथे वेणीचे कसब थेट विणीवर बसले आहे.

एक साधन दोन्हींचे आहे आणि मराठीत तर त्याचे नावही एकच : केस विंचरते ती फणी आणि मागावर बाणा ठोकून बसवते तीही फणी. २००८ मध्ये क्लार्क यांनी केशप्रसाधन उद्योजिका मादाम सी. जे. वॉकर यांची प्रतिमा ३,८४० काळ्या प्लास्टिकच्या फण्यांतून उभी केली. छायाप्रकाश साधला तो काही दाते काढून टाकून.

खरा भेद कळतो तो उकलताना. वेणी शेंड्याकडून सोडत आलो, की पेड मोकळे होतात आणि केस डोक्यावरच राहतात. कापड उकलले, की हाती नुसता धाग्यांचा ढीग उरतो. २०१५ च्या ‘अनरॅव्हलिंग’मध्ये क्लार्क एकेका प्रेक्षकाला शेजारी उभे करतात आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या अमेरिकेतील दक्षिणी राज्यांचा सुती युद्धध्वज दोघे मिळून बोटांनी उकलतात. एक धागा सुटा करून ओढायचा, मग पुढचा. तासभरानंतरही ध्वज जवळजवळ होता तसाच दिसतो.